चिंचोक्यांची विमानं

ह्यांची जीभ काढायचं ठरलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. ती जायच्या आधी ह्यांनी एकदा मला माझ्या नावानं हाक मारावी. बाकी काही मागणं नव्हतं. आणि हे काय करत बसले? तर दुसऱ्या महायुद्धात जेट विमान दोन वर्षं आधी आलं असतं तर बॉम्बर वाचले असते की नाही, यावर भांडत बसले.

नावाचं आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई खुळी आहे. माझं लग्नाआधीचं नाव माहेरी, जऊळक्यालाच राहिलं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं. ते ह्यांनी स्वतः निवडलेलं होतं. सासूबाईंना दुसरंच हवं होतं, त्यावरून घरात थोडी धुसफूसही झाली म्हणे. घास भरवताना बायांनी अडवलं म्हणून ह्यांनी ते एकदा उखाण्यात घेतलं, मान खाली घालून, आणि तिथून पुढे विषय बंद. माहेरचे मला जुन्याच नावानं बोलावतात. सासरी मी आधी सूनबाई, मग काकू, मग मोठी माय. अंगणवाडीत होते तोवर बाई. आणि ह्यांच्यासाठी 'अवो', 'ऐकलं का', चारचौघांत 'पोराची माय'. म्हणजे ते नाव राहिलं आधार कार्डावर आणि रेशनच्या दुकानात. अंगठा लावायला बोलावताना दुकानदार ओरडायचा, तेवढंच कानावर पडायचं.

आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. आता घेतात. आमची सून पुण्यात आमच्या पोराला भर बाजारात नावानं हाका मारते, आणि खरं सांगते, मला ते फार आवडतं. मी स्वतः कधी ह्यांचं नाव घेतलं नाही, पण मी तरी 'अहो' म्हणत होते. 'अहो'मध्ये थोडं तरी माणूस असतं. 'ऐकलं का' तर रेडिओलाही म्हणता येतं.

हे हवाई दलात होते. आमच्या गावात, मेडशीत, सगळे 'फौजी विमान चालवायचे' असं सांगतात, आणि हे दर वेळी सांगणाऱ्याला थांबवून म्हणत, "चालवत नव्हतो बावा, खाली पडून नटबोल्टाचे पाने फिरवत होतो." लढाऊ जेटच्या पोटाखाली नोकरीची सगळी वर्षं गेली. मग गावी आले, वावरात सोयाबीन आणि तूर करू लागले, आणि संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसू लागले.

फाट्यावर, एसटी थांबते तिथं, पत्र्याचं काम करणाऱ्या एका भाईंचं दुकान आहे. कूलरच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या. ह्यांच्याच वयाचे, मोबाइलवर लढायांचे व्हिडिओ बघण्याचा नाद. ह्यांचं आणि त्यांचं जमलं ते यावरूनच. दोघांनी मिळून एक खेळ काढला. जुनं पोतं पसरायचं. त्यावर चिंचोके मांडायचे, ते बॉम्बर. आजूबाजूला तुरीचे दाणे, ती बॉम्बरची राखण करणारी लहान विमानं. आणि भाईंच्या दुकानातले खिळे म्हणजे जेट. फासा नाही, कवड्या नाहीत. खेळायचं ते तोंडानं. एकानं चाल सांगायची, दुसऱ्यानं ती खोडून काढायची. ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याचं विमान उचलायचं. डाव सुरू व्हायचा 'धरू' या शब्दानं. धरू, की जेट आधीच आलं. धरू, की त्याला तेल भरपूर होतं. हे दोघे धरायचे आणि बाकीचे लोक एसटीची वाट बघत ऐकायचे.

गंमत अशी की जेटच्या खाली आयुष्य घालवलेला हा माणूस कधी जेट घ्यायचा नाही. नेहमी बॉम्बर. लोक विचारायचे तर हसायचा. मी घरी विचारलं तर म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" मीही म्हटलं, चुलीत गेली तुमची विमानं, मला दळण आणायचं आहे.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, ह्यांना गावी आल्यावर लागला. फौजेत शिस्त होती, इथं पानठेला होता. जिभेच्या कडेला छाला आला. हे त्याला तूप लावत बसले, मग मध, मग कुणीतरी सांगितलेली कसली तरी मुळी. शेवटी भाईंनी दुकान बंद करून, हाताला धरून गाडीत बसवलं आणि अकोल्याला नेलं. तिथून नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांनी मला आणि पोराला समोर बसवलं. भला माणूस होता, हळू बोलला. जीभ पूर्ण काढावी लागेल. माणूस वाचेल, चांगला वाचेल. आवाज राहील, शब्द राहणार नाहीत.

पोरगा रडायला लागला. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास बघत होते. त्यावर झाकण होतं, प्लास्टिकचं, निळं. माझ्या मनात आलं की असली झाकणं आपल्या अंगणवाडीत हवी होती. एवढंच आलं. पुढे कितीतरी दिवस तसंच चाललं. आत काहीतरी व्हायला हवं आहे हे मला कळत होतं, पण होत नव्हतं. भाकरी थापत होते, शेळ्यांना पाला घालत होते, कुणी विचारलं तर सगळं नीट सांगत होते, तारीख-बिरीख. बाया म्हणाल्या, मोठी धीराची आहे. कसला धीर? मला काही वाटतच नव्हतं.

फक्त ती एक गोष्ट हवी होती. तीही अशी हवी होती की जशी पाठीला खाज सुटावी आणि हात पोचू नये.

ऑपरेशनच्या आधी माणसाला भेटून यायची आमच्याकडे रीत आहे. सगळे आले. केळी घेऊन आले, बिस्किटं घेऊन आले, ज्याला जीभ हलवायला होत नाही त्याच्यासाठी एकानं चिवडा आणला. आणि प्रत्येकाला ह्यांच्याशी बोलायचं होतं. आता बोलून घ्या, पुढे कुठलं ऐकायला मिळणार, असं ह्यांच्या तोंडावर म्हणायलाही कमी केलं नाही लोकांनी. हे बोलत होते. दुखत होतं, लाळ गळत होती, पंचा तोंडाला लावून बोलत होते. उरलेले शब्द असे गावाला वाटून चालले होते आणि मी चहा करत होते.

रिठदहून माझी बहीण आली. तिला मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग म्हण न तू त्यायले! एकदा माह्यं नाव घ्या म्हणा. त्यात लाजायचं काय आता?"

"मागून घेतलेली हाक कायची बाप्पा?" मी म्हटलं. "ते तर रेशनवालाही मारते."

"मंग बस तशीच," ती म्हणाली. ती चिडली होती. मग पदरानं माझंच तोंड पुसायला लागली, आणि मी तिला सांगितलं की अगं, मी रडत नाहीये, कांदा चिरते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी पाहुणे पांगले. मला वाटलं, चला, संध्याकाळ तरी आपली. मी ह्यांच्यासाठी पातळ रव्याची खीर चढवली. दिवस कलायला आला होता. एवढ्यात बाहेर सायकल लागल्याचा आवाज आला. भाई. काखेत गुंडाळलेलं पोतं, हातात खिळ्यांचा डबा.

अस्सा राग आला मला! इतके दिवस काही येत नव्हतं, तो राग तरी आला. पण माणूस दारात आला तर 'या' म्हणावं लागतं. म्हटलं, या भाई. त्यांनी ओसरीवर पोतं पसरलं. इतकी वर्षं हा खेळ दुकानात चालायचा, आमच्या घरी पहिल्यांदाच आला होता. हे अंथरुणातून उठून आले आणि चिंचोके मांडायला लागले. वरचा थर, मधला थर, खालचा थर, सगळे एकमेकांना धरून. मला स्वयंपाकघरातून अर्धी ओसरी दिसत होती.

"धरू," भाई म्हणाले, "का जेट दोन साल आधी निघालं. अन् दहा-पाच नाई, झुंडच्या झुंड."

"धरलं," हे म्हणाले. जीभ जड झाली होती, र नीट येत नव्हता.

"आता तुमचे तुरीचे दाणे काय करतीन? माह्या जेटच्या मागं पळू पळू मरतीन."

"पळतच नाईत. जेट उतरते तठी जाऊन बसतीन. उतराच्या येळी जेट म्हणजे लंगडी गाय."

भाईंनी एक खिळा उचलून डब्यात टाकला. मग त्यांनी दुसरे खिळे आणले, मागून, वरून. "हे आले. रिठद पडलं. जऊळका पडलं." बॉम्बरना ह्यांनी गावांची नावं दिली होती हे मला तेव्हा कळलं. चाल करताना विमानाचं नाव घ्यायचं असा त्यांचा नियम होता. दोन चिंचोके पोत्याबाहेर गेले.

"थांबा न," हे म्हणाले. पंच्यानं तोंड पुसलं. "तुमचं जेट एवढ्या जोरात येते, का नेम धरेपर्यंत बॉम्बर मागं पडते. गोळी मारायले भेटते किती? पापणी लवते तेवढं."

"मंग हळू येतो."

"हळू आलं का तुरीच्या दाण्यानं धरलं."

असं चाललं होतं. मी खीर ढवळत ऐकत होते, आणि पहिल्यांदा मला त्यातलं समजत होतं. भाई चांगले भांडत होते. एकेक गाव पडत होतं. मालेगाव गेलं, खुद्द मेडशी गेली. भाई म्हणाले, "फौजी, आता तरी वळवा, घरी न्या." तर हे म्हणाले, "बॉम्ब टाकाच्या येळी वळता येत नाई. खालून तोफा, वरून तुमी, तरी सरळच जा लागते. वाकडं होता येत नाई भाई." भाईंनी आणखी एक चिंचोका उचलला, कारण उत्तर तर ह्यांच्याजवळ नव्हतंच.

शेवटी एकच उरला. थरातून मागं पडलेला, एकटा. भाईंनी त्याच्या मागं दोन खिळे लावले. "हे कोन्तं?"

आणि हे माझं नाव बोलले.

जड जिभेनं, पण सगळं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मला वाटलं, हाक मारली. मी 'ओ' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. हातात पळी होती, तशीच दारात आले. तेव्हा दिसलं की ह्यांचं बोट चिंचोक्यावर होतं, आणि डोळेही चिंचोक्यावर.

"एक इंजिन जळून राह्यलं," हे म्हणत होते. "पन हिले घरी न्या लागते."

भाईंनी दोन्ही खिळे उचलले आणि डब्यात टाकले. "जेटचं तेल सपलं," ते म्हणाले. "असंही हे लेकाचं थोडा वेळच उडते." आपल्याच जेटविरुद्ध त्यांनी आपणच उत्तर दिलं. डाव संपला. खीर खाली लागली होती, तिचा वास सुटला होता.

भाईंना सोडायला मी अंगणात गेले. ते सायकलला डबा बांधत होते. मी विचारलं, "भाई, ते नाव?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना त्यांचंच दुकान कुठं आहे हे विचारलं. "ते तं रोजच निघते भाभी. त्या जमान्यात विमानवाले आपल्या विमानाच्या नाकावर बायकोचं नाव रंगवत. म्हणून फौजीचं शेवटचं बॉम्बर हमेशा त्याच नावाचं राहते. बाकी सारी गावं मरू देतात, पन हे एक घरी न्यायचं म्हणून घंटा घंटा भांडतात. मले वाटे, तुमाले माईत आहे."

मला माहीत नव्हतं. फाट्याला माहीत होतं, एसटीची वाट बघणाऱ्या सगळ्या जनतेला माहीत होतं, बहुतेक कंडक्टरलाही. पत्रा ठोकायच्या आवाजात माझं नाव रोज घेतलं जात होतं आणि मी इकडे वर्षानुवर्षं रेशनवाल्यावर समाधान मानत होते. आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. मला वाटलं, चिंचोक्याला हाक मारली, मला नाही. आत गेले तेव्हा हे चिंचोके गोळा करत होते. तेव्हाही विचारता आलं असतं. मी म्हटलं, "झोपा आता. सकाळी गाडी यायची आहे."

नागपूरला ऑपरेशनच्या खोलीत नेताना स्ट्रेचर दाराशी जरा थांबलं. कुणीतरी आत गेलं होतं, ते यायचं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी वाकले. अगदी जवळ कान नेला.

"बोरचा स्टार्टर बंद केला का?" हे म्हणाले.

"केला," मी म्हटलं. खरं तर मला आठवत नव्हतं. मग दार उघडलं आणि त्यांना आत नेलं. ह्यांचं शेवटचं वाक्य ते. मी पोराला फोन लावायला सांगितला, शेजारच्यांनी जाऊन बघितलं, स्टार्टर बंदच होता. मी बाकावर बसले आणि पोरानं आणलेला वडा खाल्ला. चवही कळत होती, तिखट होता.

घरी आलो तेव्हा तूर फुलावर आली होती. ह्यांच्या नाकात नळी. त्या नळीतून मी दूध, वरणाचं पाणी, गाळलेली पेज देत होते. दर वेळी आधी नळी पाण्यानं धुवायची, मग हळू सोडायचं, मग परत पाणी. मला हे काम छान जमलं. हे खाटेवर पडून छताकडे बघत. काही हवं असलं तर खाटेच्या पायावर वाटी वाजवत. आता तर 'ऐकलं का'सुद्धा गेलं होतं. पोरानं मोबाइलवर लिहून दाखवायला शिकवलं, तर ह्यांनी दोन दिवस 'पाणी', 'लाइट' असं लिहिलं आणि मोबाइल उलटा ठेवून दिला. मलाही बोलायचं काही सुचत नव्हतं, आणि ते बरंच वाटत होतं. दोघेही मुके.

भाई रोज येऊन बसायचे. पोतं आणायचे नाहीत. तोंडानं खेळायचा खेळ, तो आणून करणार काय?

एका दुपारी मात्र घेऊन आले. काही न विचारता ओसरीवर पसरलं. ह्यांना धरून बाहेर आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. पोत्यावर एकच चिंचोका ठेवला आणि मागं दोन खिळे.

"भाभी, इकडे या," ते म्हणाले. "फौजीच्या बाजूनं तुमाले बोला लागते."

"मले काय येते त्यातलं?"

"त्या दिवशी पळी घेऊन सारं ऐकलं तुमी. पाह्यलं मी. बसा."

ह्यांनी मान हलवून नको म्हटलं. मला तेवढ्यानं चीड आली. तुले काय समजते, हेच ना? मी पदर खोचून बसले.

"धरू," भाई म्हणाले, "का आज जेटले तेल आहे. भरपूर. आज मी सोडत नाई. हे दोन्ही मागून येऊन राह्यले. काय करता?"

मी पोत्याकडे बघत राहिले. एक चिंचोका, काळपट, एका बाजूनं झिजलेला. भाईंनी खिळा पुढे सरकवला. खरंच सोडणार नव्हते, कसला चिवट माणूस! मग दिसलं की ह्यांचा हात हलतो आहे. तळवा खाली करून, हळूहळू मागं ओढत होते. एकदा केलं, परत केलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि आठवलं, पापणी लवते तेवढं.

"मी पळतच नाही," मी म्हटलं. "मी वेग सोडते. एकदम हळू होते. तुमचं जेट एवढ्या जोरात येते, ते थांबणार कसं? माझ्या अंगावरून पुढे निघून जाईल. मग येऊ द्या त्याला वळून पंधरा कोसांवरून."

भाई हसले नाहीत. "ठीक आहे. पन कोन्तं विमान? नाव घेतल्याबिगर मी चाल धरत नाई."

ओसरीवर आम्ही तिघंच होतो. शेळी खांबाला अंग घासत होती. मी माझं नाव कधी स्वतःच्या तोंडानं ह्यांच्यासमोर घेतलं नव्हतं. कशाला घेईन? ते घ्यायचं काम ह्यांचं होतं. आता ह्यांच्या बाजूनं मीच बोलत होते, म्हणून मी ते घेतलं. मोठ्यानं, अंगणवाडीत हजेरी घेतात तसं. आवाज माझाच, पण मला तो ओळखू आला नाही.

भाईंनी दोन्ही खिळे उचलले.

तेवढ्यात बाजूला आवाज झाला. मी वळले. ह्यांचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि घशातून आवाज येत होता. त्यात अक्षर एकही नव्हतं. अक्षरं नागपूरलाच राहिली. पण तो आवाज माझ्या नावाएवढा लांब होता, जिथं नाव वर जातं तिथं वर गेला आणि शेवटी खाली आला. डोळे चिंचोक्यावर नव्हते. माझ्यावर होते. मी काही बोलले नाही म्हणून त्यांनी परत केला, तेवढाच, तसाच.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि या खेपेला कांदा नव्हता.

"ओ," मी म्हटलं.